ख्रिसमस ट्री म्हणून बिनमुळांचा शेंडा गळ्यात मारला, इंदूरकरांनो सांभाळून

डिसेंबरात रस्त्याच्या कडेला छोटा टेम्पो लावून कुंडीतली ख्रिसमस ट्री विकतात ना, ती घ्यायच्या आधी हे वाचा. माझे १६०० रुपये गेले ते गेले, पण होळीपर्यंत मी मेलेल्या झाडाला पाणी घालत बसले याचा जास्त संताप येतो.

पलासियाकडून घरी येताना दिसला तो टेम्पो. लाल झालर लावलेल्या कुंड्या, त्यात दोन-अडीच फुटांची झाडं, एकदम सरळ, फांद्या मजल्या-मजल्यांनी चारी बाजूंना पसरलेल्या, मुलगी तिथेच अडून बसली. विकणारा म्हणे, "शिमला का माल है दीदी, नॉरफोक पाइन, घर के अंदर बारह महीने हरा रहेगा." म्हटलं ऊन? "धूप की तो ज़रूरत ही नहीं." वर एक वर्षाचं गॅरंटी कार्ड दिलं, छापील, त्यावर ना दुकानाचं नाव ना पत्ता, नुसतं मोराचं चित्र.

आता बघा, यात पहिली थाप शिमल्याचीच आहे. नॉरफोक पाइन हे पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचं झाड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधे आहे ते बेट, १७७४ मध्ये कॅप्टन कुक तिथे पोचला होता. नावाला पाइन, खरं तर ते अरौकेरिया, म्हणजे पाइनपेक्षा वेगळ्याच कुळातलं झाड. समुद्राकाठचं, बर्फाशी संबंध नाही, म्हणूनच तर ते घरात टिकतं. शिमल्याकडचे देवदार, स्प्रूस यांना हिवाळ्यात खरी थंडी लागते, आपल्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली ते जगायचे नाहीत. म्हणजे "शिमल्याचं" आणि "घरात बारा महिने" हे दोन्ही एका झाडाबद्दल कोणी सांगत असेल तर तिथूनच पुढे निघा.

जानेवारी छान गेला. संक्रांतीनंतर खालच्या फांद्या फिक्या पडायला लागल्या, हिरव्याच पण राखेसारखी झाक, आणि शेंड्याला नवीन कोवळं टोक काही दिसेना. टेम्पो तेव्हा तिथेच होता, फोटो दाखवला तर न बघताच "पानी ज्यादा हो गया दीदी", आणि निळ्या पाण्याची एक बाटली काढली, रूट टॉनिक म्हणे, ३५० ची. ती काही मी घेतली नाही. पण हे "पानी ज्यादा" उत्तर फार हुशारीचं आहे हं, कारण कुंडीतली झाडं खरंच बऱ्याचदा जास्त पाण्याने जातात, त्यामुळे ऐकणारा गप्पच बसतो.

शेवटी होळीच्या साफसफाईत ह्यांनी कुंडी पालथी केली. वर इंचभर कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, खाली घट्ट ठोकलेली काळी माती आणि विटांचे तुकडे, आणि खोडाच्या बुडाला चक्क करवतीने तिरपा मारलेला काप, त्यात आडवे दोन खिळे, हलू नये म्हणून. मूळ केसाएवढंसुद्धा नाही. कोणाच्या तरी बंगल्यातल्या मोठ्या झाडाचा शेंडा उडवून कुंडीत रोवलेला!

आणि हे खपतं कसं, तर या सूचिपर्णी झाडांची पानं जाड, मेणचट, पाणी लवकर सोडत नाहीत, त्यामुळे कापल्यावरही आठवडेच्या आठवडे हिरवी दिसतात. मेथीची जुडी संध्याकाळपर्यंत माना टाकते, तसं यांचं होत नाही. तुम्हाला कळेपर्यंत सीझन संपलेला असतो.

लोकमान्य नगरच्या मावशीला वेगळाच नमुना मिळाला. तिच्या झाडाला मुळं आहेत, जिवंतही आहे, पण ते वर जायचं नावच घेत नाही, आडवंच वाढत सोफ्यापर्यंत पोचलंय. कारण ती रुजवलेली बाजूची फांदी आहे, अरौकेरियाची बाजूची फांदी रुजली तरी ती फांदीसारखीच आडवी वाढते, सरळ झाड होत नाही. अशी फांदी ओळखायला सोपी, पंख्यासारखी चपटी असते, गोल मजले नसतात. माझ्यासारखा शेंडा मात्र दिसायला परफेक्ट असतो, तिथे कुंडीच उचलून बघायची. खालच्या भोकातून मूळ डोकावतंय का, खोड बुडाशी धरून अलगद हलवलं तर माती सोबत हलते की खोड एकटंच हलतं. विकणारा "मत छेड़ो" म्हणाला की समजायचं. सोनेरी स्प्रे मारलेली मोरपंखी "इम्पोर्टेड सीडर" म्हणून दाखवतात तीही सोडा, तीच नर्सरीत कितीतरी स्वस्त मिळते आणि तिला बाहेरचं ऊन लागतं.

खरं झाड मिळालं तर फार लाड नाहीत. भरपूर उजेडाची खिडकी, सकाळचं ऊन चालतं, मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हापासून आणि लूपासून लांब. वरची माती बोटभर सुकली की पाणी. कुंडी अधूनमधून थोडी फिरवायची नाहीतर झाड उजेडाकडे कलतं. एसीच्या कोरड्या झोताखाली ठेवू नका. आणि खालची फांदी एकदा वाळून गळली की तिथे परत येत नाही, शेंडा छाटला तर आकारच जातो, म्हणून "कटिंग करून देतो" म्हणणाऱ्या माळ्याला हातही लावू देऊ नका.

पैसे यूपीआयने दिले होते, त्यात नाव भलत्याच कोणाचं. मार्चमध्ये त्याच जागी तोच माणूस माठ विकत होता. मी कार्ड पुढे केलं तर म्हणे, "वो मेरा भाई था दीदी, गाँव चला गया. मटका ले लो, इसकी भी गारंटी है."