श्रेडओएस: हार्ड डिस्क पुसायला पक्कं, एसएसडीला मात्र लावू नका

जुना कॉम्प्युटर विकायला काढला की बहुतेक जण डिस्क क्विक फॉरमॅट करतात आणि निर्धास्त होतात. क्विक फॉरमॅटने पुसली जाते ती फक्त अनुक्रमणिका, पानं जिथल्या तिथेच असतात. रेकुवा किंवा फोटोरेकसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर फिरवलं की फोटो, बँकेच्या पीडीएफ, ओळखपत्रांचे स्कॅन भराभर वर येतात. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट केल्यास शून्यं लिहिली जातात, पण ती फक्त त्या एका पार्टिशनपुरती, म्हणजे डिस्कच्या तेवढ्याच भागापुरती.

अख्खी डिस्क पुसण्यासाठी वर्षानुवर्षं डीबॅन या प्रोग्रामचं नाव घेतलं जायचं. त्याची शेवटची आवृत्ती २.३.० ही २०१५ची आहे आणि नव्या मशीनवर ते अनेकदा डिस्क ओळखतच नाही. त्याच्याच पुसण्याच्या प्रोग्रामवरून पुढे एनवाइप तयार झालं आणि ते पेनड्राइव्हवरून थेट सुरू व्हावं म्हणून श्रेडओएस. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे, आणि विंडोज सुरूच होत नसलं तरी चालतं.

श्रेडओएसची इमेज फाइल उतरवून रूफस किंवा बलेनाएचर या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहा. रूफसने पद्धत विचारली तर डीडी निवडा. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये, सिक्युअर बूट बंद करा, नाहीतर पेनड्राइव्ह सुरूच होणार नाही. डिस्क यादीत दिसली नाही तर बहुधा बायोसमधला स्टोरेज मोड रेडवर (RAID) असतो, तो एएचसीआय (AHCI) करा. लॅपटॉप चार्जरला जोडलेलाच ठेवा.

स्क्रीन उघडते ती थेट डिस्कच्या यादीवर. प्रत्येक ओळीत मॉडेल, क्षमता आणि सीरियल नंबर असतो. आपणहून काहीही निवडलेलं नसतं, ही आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट. स्पेस दाबली की त्या ओळीवर वाइप अशी खूण येते, परत दाबली की जाते. एम दाबून पद्धत, व्ही दाबून पडताळणी, आर दाबून फेऱ्या, म्हणजे डिस्कवर किती वेळा लिहायचं ते, ठरवायच्या आणि मोठा एस, म्हणजे शिफ्ट धरून एस, दाबला की काम सुरू. इथे घाई करू नका. बॅकअपची बाहेरची डिस्क जोडलेली राहिली असेल तर तीही याच यादीत दिसते, आणि पुसलेलं परत आणता येत नाही. आधी ती केबल काढा, मग डिस्कवरच्या लेबलशी सीरियल नंबर ताडून पाहा.

पद्धतींच्या यादीत गटमनची ३५ फेऱ्यांची पद्धतही आहे. तिच्या वाटेला जाऊ नका. पीटर गटमन यांनी १९९६ मध्ये ती मांडली तेव्हा वेगवेगळ्या जुन्या एन्कोडिंगच्या डिस्क डोळ्यांसमोर होत्या, आणि आधुनिक डिस्कवर त्या सगळ्या फेऱ्यांना अर्थ नाही हे पुढे त्यांनीच लिहिलं. मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या २०१४च्या ८००-८८ या मार्गदर्शिकेनेही चुंबकीय डिस्क साफ करायला एक फेरी पुरेशी मानली होती. आमची शिफारस: पीआरएनजीची, म्हणजे कसल्याही क्रमाशिवायच्या आकड्यांची, एक फेरी, शेवटी शून्यांची ब्लँकिंग फेरी, आणि शेवटच्या फेरीची पडताळणी. ब्लँकिंगचा फायदा असा की नंतर ऑल्ट आणि एफ२ दाबून दुसऱ्या टर्मिनलवर हेक्स एडिटरने, म्हणजे डिस्कवरचे कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रामने, डिस्क उघडली की ओळीमागून ओळ नुसती शून्यं दिसतात. काम झालं की नाही ते डोळ्यांनी पाहता येतं.

वेळेचा हिशोब धरून बसा. १ टीबीच्या डिस्कला सरासरी सेकंदाला १२५ एमबीच्या वेगाने एका फेरीला सव्वादोन तास लागतात, म्हणजे वरच्या तिन्ही टप्प्यांना मिळून पावणेसात. गटमनच्या ३५ फेऱ्यांना तीन दिवसांहून जास्त. डिस्क यूएसबी २ च्या डब्यात असेल तर एकच फेरी आठ तासांच्या घरात जाते. स्क्रीनवरचा उरलेला वेळ सुरुवातीला कमी दिसतो आणि मग वाढत जातो, त्याने दचकू नका. बाहेरच्या कडेच्या ट्रॅकवर डिस्क जलद लिहिते, आतल्या बाजूला वेग जवळपास निम्म्यावर येतो.

शेवटी एररचा रकाना पाहा. तिथे शून्याखेरीज काही असेल तर ती डिस्क विकू नका. खराब सेक्टर डिस्क स्वतःच बाजूला काढते आणि त्यांतला जुना मजकूर तिथेच राहतो, वरून कितीही लिहिलं तरी. अशी डिस्क काढून फोडून टाका, कॉम्प्युटर डिस्कशिवाय विका.

आता एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिप्सवर मजकूर साठवणारी डिस्क. श्रेडओएस तिच्यावर चालतं, यादीत ती दिसतेही, म्हणूनच फसायला होतं. एसएसडीचा कंट्रोलर लिखाण सगळ्या चिप्सवर पसरवतो आणि काही जागा राखीव ठेवतो. तिथवर बाहेरून लिहिलेलं पोहोचत नाही, म्हणजे डिस्क झिजते आणि जुने तुकडे तरीही उरू शकतात. तिथे सिक्युअर इरेजची आज्ञा डिस्कलाच द्यायला हवी. डेलच्या अनेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये मेंटेनन्सखाली डेटा वाइप आहे, एचपीच्या ऑफिसच्या मॉडेलांत हार्ड ड्राइव्ह युटिलिटीजखाली सिक्युअर इरेज. तसा पर्याय नसेल तर श्रेडओएसमधलंच एचडीपार्म, म्हणजे डिस्कला आज्ञा देणारा प्रोग्राम, साटा जोडणीच्या एसएसडीला चालतं. डिस्क फ्रोझन असं उत्तर आलं तर मशीन झोपवून जागं केल्यावर बहुतेकदा कुलूप सुटतं. सिक्युअर इरेजसाठी द्यावा लागणारा तात्पुरता पासवर्ड साधा ठेवा आणि कागदावर लिहून ठेवा, कारण मध्येच वीज गेली तर डिस्क त्याच पासवर्डने बंद होऊन बसते. यूएसबीच्या डब्यातून हा प्रयोग नकोच.

ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर श्रेडओएस चालत नाही आणि गरजही नाही. माँटेरे किंवा पुढची मॅकओएस असेल तर सगळा मजकूर आणि सेटिंग्ज पुसण्याचा पर्याय एन्क्रिप्शनची किल्लीच नष्ट करतो, काही मिनिटांत काम होतं.

एक उणीव मोठी आहे: चूक सांभाळून घेणारं इथे काहीच नाही. सारा इंटरफेस कीबोर्डचा आणि इंग्रजी, त्यामुळे नवख्याने एकट्याने पहिल्यांदा करू नये. शिवाय डिस्कच्या बाहेरच्या गोष्टी तुमच्याकडेच राहतात. आयट्यून्सला ५ कॉम्प्युटरांची मर्यादा आहे, तेव्हा पुसण्याआधीच त्यातलं ऑथरायझेशन काढा. मायक्रोसॉफ्ट खात्यातून ते मशीन नंतर दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही काढता येतं. बायोसला पासवर्ड ठेवला असेल तर तोही काढून द्या.

घेणाऱ्याला विंडोज हवं असेल तर त्याच मशीनवर परत टाका. डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, म्हणून प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ निवडून आधीचीच एडिशन घ्या. सेटअप देश विचारण्याच्या पडद्यावर आला की पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा. पुढचं खातं घेणाऱ्याने स्वतः उघडावं.