पुण्यातील एका मराठी मंडळीची ऑनलाइन उपासना : एक परीक्षण

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या पुण्यातील एका जुन्या मराठी मंडळीची (म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समुदायाची) रविवार सकाळची उपासना यूट्यूबवर थेट दाखवली जाते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आईला जिना उतरणे अशक्य झाल्यापासून आमच्या घरी ती नियमितपणे लावली जाते. मंडळीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण हेतू कोणाला नावे ठेवण्याचा नसून या सेवेतून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही हे सांगण्याचा आहे.

ही सोय टाळेबंदीच्या काळातली. 2020 च्या मार्चअखेरीस चर्च बंद झाले आणि त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) सर्वांनी घरातच साजरा केला. राज्यातील प्रार्थनास्थळे त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि 2021 मध्ये घटस्थापनेच्या दिवशी परत उघडली. (आमच्या चर्चचे कुलूप दोन्ही वेळा सणाच्या मुहूर्तावर निघाले, याची मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना अजून गंमत वाटते.) दारे उघडली तरी कॅमेरा मात्र टिकला.

तांत्रिक बाजू समाधानकारक आहे. लिंक शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, उपासना वेळेवर सुरू होते, आणि वाचनाची वचने मोठ्या अक्षरांत पडद्यावर दिसत असल्याने आईला चष्म्याशी झटापट करावी लागत नाही. पाळकसाहेबांचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचा, संदेश स्पष्ट ऐकू येतो. किंबहुना चर्चमधल्या मागच्या बाकांवर, पंख्यांच्या घरघरीत, तो इतका स्पष्ट कधीच ऐकू आला नव्हता.

अडचण गीतांपासून सुरू होते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला ओवी-अभंगाचे वळण दिले, आणि त्यांची गीते आजही आमच्याकडे झांजांच्या ठेक्यावर, सगळ्यांच्या मिळून लागलेल्या आवाजात म्हटली जातात. प्रक्षेपणात नेमका हाच आवाज नाहीसा होतो. माईक फक्त गायनप्रमुख, पेटी आणि तबला यांच्यापुढे असल्याने घरी एकट्या गायकाची मैफल ऐकल्यासारखे वाटते. गीताचा केवळ क्रमांक पुकारला जातो, शब्द पडद्यावर येत नाहीत, त्यामुळे ज्यांच्याकडे पुस्तक नाही त्यांना गप्प बसावे लागते. सभागृहाच्या मध्यभागी एक साधा माईक टांगला तरी निम्मे काम होईल, पण तशी सूचना केल्यावर समितीकडून ‘पुढच्या सभेत बघू’ एवढेच उत्तर मिळाले.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी ही उणीव अधिक टोचते. लोक रांगेने वेदीपुढे जाऊन गुडघे टेकताना दिसतात आणि घरातला माणूस त्यांच्याकडे पाहत राहतो. घरी भाकर आणि द्राक्षारस घेऊन पडद्यासमोर बसावे की नाही, यावर जगभरच्या मंडळ्यांत टाळेबंदीपासून मतभेद आहेत. मला स्वतःला ते पटत नाही. आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रभुभोजन देण्याची जुनी पद्धत त्याहून बरी. परंतु आमच्या पाळकांकडे शहराबरोबर आसपासच्या गावांतील मंडळ्याही आहेत. रविवारी एका ठिकाणची उपासना संपवून ते दुसरीकडे निघतात आणि आठवडाभर लग्ने, अंत्यविधी व समितीच्या सभा यांत अडकतात. घरभेटी कमी झाल्या त्या यामुळे. प्रक्षेपणाला दोष देणे अर्धवट ठरेल, पण ‘आजी रविवारी उपासना पाहतात’ या समाधानात ती भेट आणखी मागे पडते, हेही खरे.

चॅटमध्ये प्रार्थनेच्या विनंत्या लिहिता येतात. आईच्या शस्त्रक्रियेविषयी मी लिहिले तेव्हा खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. व्यासपीठावरून मात्र ती विनंती वाचली गेली नाही, कारण चॅट पाहण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नव्हते. आईला फोन आला तो शेजारच्या गल्लीतल्या, स्वतः यूट्यूब न पाहणाऱ्या एका मावशींचा.

तरुणांचा प्रश्न वेगळा आहे. माझा भाचा मोबाईलवर इंग्रजी चर्चची गिटार आणि ड्रमची झगमगीत उपासना पाहतो आणि आमच्या प्रक्षेपणाला संथ म्हणतो. तसल्या झगमगाटाशी स्पर्धा करण्याच्या नादात आमच्या मंडळीनेही मध्यंतरी रंगीत दिवे लावले होते, ते आईच्या डोळ्यांना खुपले आणि भाचाही त्यामुळे परत आला नाही. नाताळातल्या नाटिकेचा कॅमेरा त्याच्या हाती दिला तेव्हा मात्र तो तालमींनाही हजर होता.

अंथरुणाला खिळलेल्यांनी, आखातात नोकरीला असलेल्यांनी आणि जवळपास मराठी मंडळी नसलेल्यांनी ही सेवा जरूर वापरावी. विशेषतः उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) तीन तासांची, येशूच्या क्रूसावरील सात उद्गारांवरची उपासना वयस्करांना घरी बसून पूर्ण ऐकता येते, आणि त्या दिवसाची चित्रफीत नंतरही ठेवलेली असते. ज्यांना चालत चर्चला जाता येते, त्यांनी मात्र ही लिंक घरातल्या आजारी माणसाला लावून द्यावी आणि स्वतः उपासनेला जावे.