जुन्या बुलेटला पुढे १८ दातांचं स्प्रॉकेट: कराड-पुणे हायवेवर वापरून

जुन्या, चार गिअरच्या बुलेट ३५०ला पुढे, म्हणजे गिअरबॉक्सकडे, १६ दातांचं स्प्रॉकेट (मागची चेन ओढणारं दातेरी चाक) असतं. ते काढून मी १८चं बसवलं. ज्यांची गाडी बहुतेक हायवेवरच पळते त्यांनी हे जरूर करावं, असं माझं मत आहे. मात्र त्याने काय मिळतं आणि काय हातचं जातं, ते आधी समजून घ्या.

या गाडीला टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही, त्यामुळे आकडे कागदावरच काढावे लागतात. प्रायमरीत, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या आतल्या चेनवर, इंजिनाकडे २५ दात आणि क्लचकडे ५६. मागच्या चाकाला ३८. टॉप गिअर सरळ एकास एक. म्हणजे पुढे १६ असताना चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ५.३२ फेरे होतात, १८ असताना ४.७३. १९ इंची मागचं चाक एका फेऱ्यात जेमतेम दोन मीटर पुढे जातं. हिशेब केला तर ताशी ८०ला इंजिन पूर्वी मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास फिरत होतं, आता तीन हजार शंभरच्या. आणि त्याच साडेतीन हजारांत आता गाडी नव्वदला असते.

चारशेचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण या इंजिनाला तो मोठा आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९०. एकच सिलिंडर, थरथर कमी करणारा बॅलन्सर नाही. एका फेऱ्यात पिस्टन १८ सेंटिमीटर प्रवास करतो, म्हणजे ८०च्या वेगाला आधी सेकंदाला साडेदहा मीटर, आता साधारण सव्वानऊ. हे शरीराला कळतं. पूर्वी साताऱ्याच्या अलीकडेच तळहाताला मुंग्या यायच्या आणि उजव्या आरशात मागची गाडी म्हणजे नुसता थरथरणारा ठिपका असायचा. आता मागे ट्रक आहे की एसटी, ते आरशात स्पष्ट कळतं. सायलेन्सरचा ठोकाही सुटा सुटा ऐकू येतो. मला एवढंच पुरेसं होतं.

वेग वाढेल या आशेने कोणी हे करत असेल तर करू नका. ताकद तीच १८ हॉर्सपॉवर. स्प्रॉकेट मोठं केलं की चाकावरची ओढ अकरा टक्क्यांनी कमी होते, म्हणजे जेवढे आरपीएम उतरले तेवढीच. सपाटीवर समोरून वारा असला की टॉपमध्ये गाडी ऐंशीवरून हळूहळू खाली येते, आणि ॲक्सिलरेटर पिळून उपयोग होत नाही. मायलेजमध्ये मला तरी सांगण्यासारखा फरक दिसला नाही.

खरी परीक्षा पुण्याहून परतताना, खंबाटकीच्या चढाला. मागे बायको आणि दोन्ही बाजूंना बॅगा. पूर्वी जिथे तिसऱ्यात आरामात चढायची तिथे पुढे ट्रक रांगत असला की आता दुसरा टाकावा लागतो. दुसऱ्यात मात्र न कुरकुरता चढते. गावात चाळीसला टॉप टाकला तर इंजिन डुगडुगतं आणि चेन झटके देते. पंचेचाळीसच्या खाली तिसराच बरा. रोज बाजारात, शाळेपाशी, बोळातून गाडी फिरवणाऱ्याला हे नकोसं होईल.

बसवण्याचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. या गाडीत पुढचं स्प्रॉकेट क्लचच्या मागे दडलेलं असतं. डावीकडचं झाकण, ऑइल, प्रायमरी चेन, क्लच, अल्टरनेटर, आतलं झाकण, सगळं उतरवल्यावर ते दिसतं. म्हणून मजुरी वस्तूपेक्षा जास्त पडते. क्लच प्लेटा किंवा ऑइल सील बदलायचं असेल तर त्याच वेळी उरकून घ्या. दोन दात वाढले की चेन एका कडीने आखूड पडते, त्यामुळे मागचं चाक जवळजवळ आठ मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं. माझ्या गाडीत ॲडजस्टरच्या कॅमला तेवढी जागा होती, म्हणून चेनला कडी जोडावी लागली नाही. चाक सरकलं की मागच्या ब्रेकचा रॉडही जुळवून घ्यायचा, हे मेकॅनिककडून राहून जातं, स्वतः पाहा. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकावरून येते, त्यामुळे काट्याला धक्का लागत नाही.

माझा मेकॅनिक म्हणाला होता, "साहेब, सतरा टाका, घाटात बरं पडेल." त्याचं म्हणणं खोटं नाही. १७ने आरपीएम सुमारे सहा टक्के उतरतात आणि घाटातली ओढही बरीच शाबूत राहते. महाबळेश्वर, पाचगणी किंवा कोकणात वरचेवर उतरणाऱ्याने सतराच घ्यावं. माझं जाणं-येणं बहुतेक हायवेवरच, म्हणून मी अठराच ठेवणार आहे. घेताना मागचं स्प्रॉकेटही तपासा: त्याचे दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झाले असतील तर चेनसकट पूर्ण सेट बदला, नाहीतर नवं स्प्रॉकेट लवकर खाल्लं जाईल.