कॉक्लिअर इम्प्लांट: मशीन एक नंबर, वायर रडवते

मुलीच्या इम्प्लांटचा (ऑपरेशन करून कानाच्या आत बसवतात ते ऐकण्याचं यंत्र) दुसरा उन्हाळा चालू आहे. प्रोसेसर, चॅनल वगैरे सगळीकडे लिहिलेलं आहे, म्हणून सरळ कॉइलच्या वायरवर येतो.

कानामागच्या प्रोसेसरपासून (आवाज पकडणारं बाहेरचं मशीन) डोक्यावरच्या चकतीपर्यंत, म्हणजे कॉइलपर्यंत, जाणारी ही वीतभर वायर. मशीन काढून ठेवलं की चकतीतलं लोहचुंबक लोखंडी खाटेला चिकटतं आणि पोरगी ओढते ती नेमकी वायर धरून. मुळाशी तुटली की आवाज येतो-जातो. तिला सांगता येत नाही, नुसती चिडचिड. खोक्यातली स्पेअर केव्हाच संपली. नवी काही हजारांना, तीही आधी पैसे भरा, मग मुंबईहून येणार. तोवर पोरगी बहिरी!

आमचं ऑपरेशन दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून झालं. वय पाचच्या आत होतं. लोक म्हणतात, फुकटात झालं. अहो, वायर, बॅटऱ्या, मॅपिंगला (मशीनचा आवाज मुलीला जुळवून घ्यायला) भुसावळहून मुंबईची गाडी, ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीच्या दिवशी बुडालेली रोजी, हे कोण देतं? त्यात आपला ४५ अंशांचा मे. कानामागे घाम, समोर पाण्याचा कूलर. ओल मशीनला चालत नाही. रात्री ड्राय बॉक्समध्ये (ओल शोषणाऱ्या डबीत) ठेवायला विसरलं की सकाळी खरखर.

इथपर्यंत लिहून दोन स्टार देणार होतो. तेवढ्यात वायर आली (कुरिअरचे वेगळे लावले). लावली, आणि चुलीपाशी पाठमोऱ्या आजीनं नुसतं 'आठे ये' (इकडे ये) म्हटलं तशी पोरगी खेळणं टाकून पळाली. चार स्टार.

लहान मुलात पैसे वसूल होतात, कारण भाषा त्याच वयात बसते आणि आत बसवलेला भाग पुढे बहुधा जन्मभर कामी येतो. कोणता उपचार सरकारी खर्चानं द्यावा हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २००९ मध्ये खर्चाचा हिशोब मांडूनच मुलांना दोन्ही कानांत, मोठ्यांना साधारण एकाच कानात मान्यता दिली. आपल्याकडे मोठ्यांचा खर्च बहुधा खिशातून, तोही लाखांत. आमच्या मामांची ऐकण्याची शक्ती उतारवयात गेली. त्यांना म्हटलं, आधी चांगलं श्रवणयंत्र लावून बघा. त्यानं नाही भागलं तर करा, भाषा डोक्यात आहेच. पण जन्मापासून बहिऱ्या, खुणांवर वाढलेल्या तरुणाला कुणी 'सगळं नीट ऐकू येईल' म्हणत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

कंपनी ठरवण्याआधी डीलरकडून लेखी घ्या: वॉरंटी संपल्यावर वायर केवढ्याला, किती दिवसांत, आणि प्रोसेसर बदलायचा झाला तर किती.