सात महिने 'रिव्होक' वापरून: कोणती चोरी टळते, कोणती टळत नाही

'रिव्होक' म्हणजे आपल्या क्रिप्टो वॉलेटमधले टोकन उचलायची दिलेली परवानगी रद्द करणं. वापर सात महिन्यांचा, इथेरियम, पॉलिगॉन आणि आर्बिट्रम या तीन चेनवर, म्हणजे व्यवहारांच्या तीन जाहीर खातेवह्यांवर. सोबत एक हार्डवेअर वॉलेट (किल्ली इंटरनेटबाहेर ठेवणारं छोटं यंत्र), ब्राउझरमधलं एक रोजचं वॉलेट, आणि परवानग्या बघायला रिव्होक डॉट कॅश ही साइट व चेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या इथरस्कॅनचं टोकन अप्रूव्हलचं पान. बघायचं एवढंच होतं की डीफायमध्ये (बँकेविना, कोडवर चालणाऱ्या क्रिप्टो व्यवहारांत) हॅक झाल्यावर साध्या माणसाचे पैसे ज्या वाटांनी जातात, त्यातल्या किती वाटा या सवयीने बुजतात. आमचा निकाल असा: एक वाट जवळपास पूर्ण बुजते, एक अर्धी, आणि सगळ्यात रुंद वाट तशीच उघडी राहते.

आधी परवानगीचा घोळ. टोकन बदलून घ्यायचा असेल तर कॉन्ट्रॅक्टला (चेनवर आपोआप चालणाऱ्या कोडला) आधी 'अप्रूव्ह' द्यावं लागतं, म्हणजे माझ्या वॉलेटमधून एवढे टोकन तू उचलू शकतोस. बऱ्याच साइट ही मर्यादा परस्पर 'अमर्याद' करून ठेवतात. पाडव्याला सालगडी बदलतो तेव्हा जुन्याकडून कोठ्याची किल्ली परत घ्यायची राहून जाते, तसं हे आहे. गडी चोर नसतो. त्याच्या खुंटीवरची किल्ली तिसराच उचलतो. जुलै २०२४ मध्ये लायफाय या टोकन अदलाबदलीच्या सेवेच्या बाबतीत नेमकं हेच झालं. नव्याने जोडलेल्या भागात तपासणी राहून गेली होती, आणि सुमारे १.१६ कोटी डॉलर गेले ते अमर्याद परवानगी देऊन बसलेल्यांचे. एप्रिल २०२३ मध्ये सुशीस्वॅप या टोकन बदलून देणाऱ्या सेवेचा नवा राउटर (अदलाबदलीची वाट ठरवणारं कॉन्ट्रॅक्ट) काही दिवसांचाच होता. त्याला दिलेल्या परवानग्यांवरून सुमारे ३३ लाख डॉलर उचलले गेले.

इथे सगळ्यात जास्त गैरसमज 'डिसकनेक्ट' या बटणाचा. त्याने साइटला आपला पत्ता दिसणं थांबतं, बस. परवानगी चेनवर लिहिलेली असते. वॉलेट अनइन्स्टॉल केलं तरी ती तिथेच राहते.

सात महिन्यांत बसलेली पद्धत अशी. दोन पत्ते: एक तिजोरी, एक गल्ला. तिजोरी हार्डवेअर वॉलेटवर, तिच्यावरून कोणालाही अप्रूव्ह नाही. गल्ल्यात आठवडाभराच्या कामापुरतेच पैसे. अप्रूव्ह करताना वॉलेट खर्चाची मर्यादा दाखवतं, तिथे थांबून आकडा हाताने बदलायचा. ५०० यूएसडीसी (डॉलरशी बांधलेला टोकन) टाकायचे तर ५००. कर्ज पूर्ण फेडताना मात्र ५०० चे ५०१ करावेत. व्याज प्रत्येक ब्लॉकगणिक (चेनवरच्या नोंदींच्या नव्या गठ्ठ्यागणिक) वाढतं, मर्यादा नेमकी ठेवली तर व्यवहार फसतो आणि गॅस, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, फुकट जातो. दर महिन्याच्या १ तारखेला तिन्ही चेनवरची यादी काढून जुन्या परवानग्या शून्य करायच्या. यादी चेन बदलून वेगवेगळी बघावी लागते. इथेरियमवर साफ असलेला पत्ता पॉलिगॉनवर उघडा असू शकतो.

खर्च फार नाही. साध्या टोकनची परवानगी शून्य करायला साधारण २५ ते ३० हजार गॅस लागतो. ५ ग्वेईच्या (ग्वेई म्हणजे ईथरचा अब्जांश) दराने ३० हजार गॅस म्हणजे ०.०००१५ ईथर. दर ५० ग्वेईवर गेला की दसपट. त्यामुळे तातडी नसेल तर गर्दी ओसरेपर्यंत थांबावं. पण ज्या चेनवर रिव्होक करायचं, तिथलं मूळ नाणं वॉलेटमध्ये हवंच: इथेरियम व आर्बिट्रमवर ईथर, पॉलिगॉनवर पीओएल. सगळं यूएसडीटीत, म्हणजे डॉलरशी बांधलेल्या दुसऱ्या टोकनमध्ये, ठेवणारे ऐनवेळी इथेच अडकतात. परवानगी डोळ्यांसमोर दिसते आणि रद्द करायला गॅस नाही.

इथेरियमवरच्या यूएसडीटीची एक जुनी खोड आहे. परवानगी ५०० ची असेल तर ती थेट ८०० करता येत नाही, आधी शून्य करावी लागते. व्यवहार का फसतोय ते वॉलेट धड सांगत नाही. शिवाय यूएसडीटीला ६ दशांश स्थानं आहेत, डाय या टोकनला १८. हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावर कच्चा आकडा आला तर ५०० यूएसडीटी म्हणजे ५०००००००० दिसणार. शून्यं मोजायचा कंटाळा करू नये.

अर्धी बुजणारी वाट सह्यांची. 'परमिट' नावाची सही चेनच्या बाहेर होते, तिला गॅस लागत नाही, म्हणून ती लॉगिनच्या सहीसारखी निरुपद्रवी भासते. सहीच्या चौकटीत स्पेंडर (उचलणारा), व्हॅल्यू (रक्कम) आणि डेडलाइन (मुदत) हे तीन शब्द दिसले तर ती पैसे उचलायची परवानगी आहे, दुसरं काही नाही. चोराने ती वापरेपर्यंत साध्या परमिटची नोंद कुठल्याच यादीत येत नाही, त्यामुळे रिव्होक करायला काही सापडतच नाही.

साइटच हॅक होते तेव्हाही उत्तर अर्धंच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओ या डीफाय सेवेच्या वापरकर्त्यांचे सुमारे १२ कोटी डॉलर गेले. कॉन्ट्रॅक्टमध्ये खोट नव्हती. वेबसाइटमध्ये कोड घुसवून आधी परवानग्या गोळा केल्या, मग एकदम उचल केली. तो मधला काळ यादी बघणाऱ्याच्या कामाचा. पण १४ डिसेंबर २०२३ ला लेजर या हार्डवेअर वॉलेट कंपनीचं कनेक्ट किट (साइटला वॉलेट जोडणारा कोड) बाधित झालं, तेव्हा ते वापरणाऱ्या साइटमध्ये खुद्द रिव्होक डॉट कॅशही होती. म्हणून गदारोळाच्या दिवशी कुठल्याच साइटला घाईने वॉलेट जोडू नये. फार तातडी असेल तर इथरस्कॅनवर टोकनचं कॉन्ट्रॅक्ट उघडून 'राइट कॉन्ट्रॅक्ट'मध्ये अप्रूव्ह निवडायचं, स्पेंडरचा पत्ता आणि रक्कम ० टाकायची. जरा किचकट आहे, पण मधला दलाल टळतो.

आता रुंद वाट. पूलमध्ये, म्हणजे अनेकांच्या ठेवी एकत्र ठेवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, ठेवलेले पैसे वॉलेटमध्ये नसतातच. तिथे फक्त पावतीचा टोकन असतो. १३ मार्च २०२३ ला यूलर या कर्ज देणाऱ्या डीफाय सेवेतून सुमारे १९.७ कोटी डॉलर गेले. राखीव निधीत रक्कम दान करण्याच्या एका फंक्शनमध्ये खातं सुस्थितीत आहे का हे तपासणं राहिलं होतं, आणि कोडची ऑडिट झालेली होती. ते पैसे पुढे बव्हंशी परत आले, हा अपवाद. ३० जुलै २०२३ ला कर्व्ह या टोकन अदलाबदलीच्या सेवेच्या काही पूलमध्ये चूक त्यांच्या कोडची नव्हती, व्हायपर कंपायलरच्या (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या साधनाच्या) ०.२.१५, ०.२.१६ आणि ०.३.० या आवृत्त्यांमधली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये बॅलन्सर या अशाच सेवेच्या व्ही-२ पूलमधून १२ कोटी डॉलरपेक्षा जास्त गेले, आणि कारण काय, तर आकडे पूर्णांकात करताना होणारी चूक. वर्षानुवर्षं चाललेला, अनेकदा तपासलेला कोड. या तिन्ही वेळी रिव्होक करून ठेवीदारांचा दमडीचा उपयोग झाला नसता.

कर्जाच्या पूलमध्ये आणखी एक मेख आहे. १०० जमा, ८० कर्जाऊ, म्हणजे काढता येणारे २०. बातमी फुटली की पहिले येणारे ते २० घेऊन जातात आणि बाकीच्यांना पडद्यावर रक्कम पूर्ण दिसते, हातात काही येत नाही. म्हणून 'युटिलायझेशन' (जमेपैकी किती कर्जाऊ गेलं) हा आकडा व्याजाच्या आधी बघावा. ९० टक्क्यांच्या वर सतत असेल तर तिथलं व्याज कितीही गोड असो, आम्ही पैसे ठेवत नाही. बीड-परभणीकडे मल्टिस्टेट बुडली की ठेवीदार निदान शाखेच्या दारात जाऊन बसतात, संचालकांची नावं फलकावर असतात. पूलला शाखा कुठली.

लाईटचा प्रश्न आपल्याकडचा खास. सही झाली आणि व्यवहार पाठवायच्या आत वीज गेली तर चेनवर काहीच गेलेलं नसतं, पुन्हा सही करावी. पाठवून झाल्यावर गेली तर व्यवहार आपल्याविना पूर्ण होतो. मोबाइलवरून एक्सप्लोररवर (इथरस्कॅनसारख्या साइटवर) बघावं, घाबरून दुसऱ्यांदा पाठवू नये.

पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. सोबत आपला पत्ता, चोराचा पत्ता, व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक) आणि एक्सचेंजमध्ये पैसे भरल्याचा बँकेचा उतारा. हॅश ६६ अक्षरांचा असतो, हाताने लिहिला की चुकलाच. छापील प्रत आणि पेन ड्राइव्ह, दोन्ही न्यावं. एक्सप्लोररवर वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दाखवत असेल तर साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ शेजारी लिहावी. नाहीतर रात्री ११ ची चोरी कागदावर संध्याकाळी साडेपाचची होते आणि बँकेच्या नोंदीशी जुळत नाही. पैसे परत काढून देतो म्हणत टेलिग्रामवर येणाऱ्यांना वॉलेटचे बारा गुप्त शब्द देणं म्हणजे उरलंसुरलं हवाली करणं.

कराचं गणित तर आणखी कडू. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के आणि वर उपकर, वजावट फक्त खरेदी किमतीची. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढता येत नाही. गॅसवर गेलेला खर्चही धरत नाहीत, म्हणजे दर महिन्याच्या १ तारखेची ही साफसफाई पदरच्या पैशानेच.