चार रकान्यांची वही: आठ महिन्यांनंतर

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, रोज पहाटे बायबलचा एक उतारा वाचते आणि वहीत चार रकाने भरते, उताऱ्याच्या एकेका अर्थाला एक. पद्धत जुनीच. पाचव्या शतकात योहान कॅसियन या ख्रिस्ती मठवासी लेखकांनी ती यरुशलेमवरून समजावली: शब्दशः ते यहुद्यांचं शहर, रूपकाने ख्रिस्ताची मंडळी (चर्च), नीतीच्या अंगाने माणसाचा आत्मा, आणि आशेच्या अंगाने स्वर्गीय नगरी.

मला ती सर्वांत उपयोगी पडली ती ज्या उताऱ्यांपुढे मी अडून बसायचे तिथे. स्तोत्र १३७ चा शेवट, बाबेलची लेकरं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारा, मी वर्षानुवर्षं न वाचताच पान उलटायचे. आरंभीच्या काळातले ख्रिस्ती भाष्यकार ओरिजेन (सुमारे १८५ ते २५३) सांगतात की ही लेकरं म्हणजे मनात नुकतेच जन्मलेले वाईट विचार. लहान आहेत तोवरच त्यांना संपवायचं. जावेशी वाटणीवरून बिनसलं होतं त्या दिवसांत हे वाचन मला अक्षरशः उपयोगी पडलं. रात्री कडू विचार डोकं वर काढायचा आणि तो अजून लहान आहे, हे मला ओळखता यायचं.

बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या ३३ व्या अध्यायातले, मिसरमधून निघालेल्या इस्राएली लोकांचे ४२ मुक्काम मला कोरडी यादी वाटायचे. ओरिजेन त्यांत आत्म्याची वाटचाल पाहतात. ‘मारा’ या एकाच मुक्कामावर, त्या कडू पाण्यापाशी, मी आठवडाभर थांबले.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात मात्र पद्धत मला नडली. येशूच्या या गोष्टीत लुटारूंनी जखमी केलेल्या माणसाला याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) टाळून जातात; परका शोमरोनी मात्र त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला उतारशाळेत नेतो आणि खर्चाला दोन दीनार देतो. प्राचीन चर्चचे बिशप ऑगस्टीन यांचं वाचन देखणं आहे: जखमी माणूस आदाम, लुटारू सैतान, शोमरोनी ख्रिस्त, उतारशाळा मंडळी, तेल म्हणजे आशेचा दिलासा, द्राक्षारस म्हणजे कामाला उठवणारा बोध. आमच्या प्रार्थनासभेत मी ते उत्साहाने मांडलं. परिचारिका असलेली एक ताई म्हणाली, “अगं, द्राक्षारसाने जखम धुतली, तेलाने आग शमवली. आम्ही वॉर्डात आधी तेच करतो.” मी महिनाभर त्या दोन दीनारांचा अर्थ लावत होते, त्या माणसाचं रक्त मला दिसलंच नव्हतं. शिवाय याजक आणि लेवी म्हणजे जुना करार (यहुद्यांचं धर्मशास्त्र), असं वाचता वाचता यहुद्यांविषयी तुच्छता मनात शिरते, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

शब्दार्थावरच बाकीचे अर्थ उभे राहतात, हे तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी बजावून ठेवलंय. म्हणून आता पहिला रकाना पुरता भरल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. या दाखल्याच्या शेवटी येशू ‘जा आणि तसंच कर’ म्हणतो. त्या पानावर दुसरा, रूपकाचा रकाना मी कोरा ठेवलाय.