एकाच ताटात चौघं

अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया. लेकीचा होणारा नवरा मूळचा आदिस अबाबाचा. मे महिन्यात त्याने आम्हा दोघांना इथल्या एका इथिओपियन हॉटेलात जेवायला नेलं.

आम्ही शाकाहारी, पण काही अडलं नाही. तिकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवार-शुक्रवार मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. त्या उपासाचं मिश्र ताट मिळतं, बेयायनेतू. परातीएवढी जाळीदार इंजेरा, टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली. आंबोळीची मोठी बहीणच, फक्त जास्त आंबट. तिच्यावर शिरो म्हणजे थेट आपलं पिठलं, बर्बेरे मसाल्यातली मसुराची मिसिर, परतलेला पाला, कोबी-बटाटा. मिसिर फार सुरेख. बटाटा मात्र कच्चट होता.

चमचे नाहीत, ताट एकच. ह्यांनी वेगळी ताटली मागितली, ती लगेच आणून दिली. माझाही हात आखडला होता. उष्टं-खरकटं पाळण्यातच जन्म गेला. तेवढ्यात होणाऱ्या जावयाने इंजेराचा तुकडा तोडला, त्यात मिसिर गुंडाळली आणि माझ्या तोंडाशी धरली. "आई, गुर्शा." मानाच्या, मायेच्या माणसाला असा घास भरवतात म्हणे. आमच्या लग्नात उखाणा घेऊन ह्यांनी भरवला होता, त्याला चौतीस वर्षं झाली. त्यानंतर हा पहिला. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाने नव्हे.

नातेवाईक विचारतात, "हबशाला मुलगी देणार?" देणार म्हणजे काय? ती आमच्या मालकीची वस्तू आहे का? मी औरंगाबादची. ते शहर, तेव्हाचं खडकी, वसवणारा मलिक अंबर इथिओपियातलाच, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. माणसावर मालकी सांगणं काय असतं हे आमच्या गावाने तरी विसरू नये. आणि याच व्हर्जिनियात १९६७ पर्यंत गोऱ्या-काळ्यांचं लग्न हा गुन्हा होता. लेकीने हे सांगितलं तेव्हा ह्यांचा हात ताटलीवर थांबला. दुसरी इंजेरा आली, ती ह्यांनी मोठ्या ताटातूनच तोडली.

शेवटी कॉफी घ्याच, पण तासभर हाताशी ठेवून. बिया समोर भाजतात, धूर नाकाशी आणतात, मातीच्या जेबेनातून तीन फेऱ्या ओततात: अबोल, तोना, बरका. तिसऱ्या फेरीला ह्यांनी त्याला विचारलं, "तुमच्याकडे लग्नं कोणत्या महिन्यात करतात रे?"